भावजींना ऐकवायचा आवाज

माझ्या उजव्या कानात एक शिट्टी वाजते आणि ती कोणी लावली ते मला पक्कं ठाऊक आहे. या दुखण्याचं मूळ मोठमोठ्या डॉक्टरांना अजून सापडलेलं नाही म्हणतात. माझ्या दुखण्याचं मूळ आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर राहतं, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालतं आणि गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत पुढं उभं असतं. नात्यानं तो माझा चुलत दीर. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते आणि अहोजाहो करते, कारण आमच्याकडे तशी रीत आहे. पण हे माझं लिहिणं आहे. इथं त्याला मान द्यायची सक्ती नाही, तेव्हा एकेरीतच लिहिणार.

आमचं गाव केज तालुक्यातलं. मी गावातल्याच शाळेत पहिलीची बाई होते, निवृत्त होईपर्यंत. दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. आलेल्या पोरांना पुन्हा अक्षरं लावायची. त्यासाठी पोराच्या तोंडातून नेमकं काय निघतंय ते ऐकू यावं लागतं. पहिलीच्या बाईचं सगळं भांडवल कानात असतं. मागच्या ओळीत कोण 'ससा'ला 'शशा' म्हणालं आणि कोण नुसतेच ओठ हलवतंय, हे मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. या कानाचा मला गर्व होता.

भावजीचं आणि माझं बिनसलं ते मैदानावरून. निवडणुकीच्या आधी त्याला शाळेच्या मैदानात पंगत घालायची होती, तीही शाळेच्या वेळात. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून तो माझ्याकडे आला.

"वहिनी, आपल्या घरचंच काम हाय. पोरं जेवतील, खुश व्हतील."

"पोरांची परीक्षा चालू आहे, भावजी. मैदान मिळणार नाही."

तो हसला. "बरं बरं," म्हणाला आणि गेला. परक्याचं एक वेळ विसरलं जातं. भावकीत काही विसरलं जात नाही.

पुढं तो निवडून आला. गुलाल, जेसीबीच्या सोंडेतून फुलं आणि ट्रकवर रचलेली डीजेची भिंत. मिरवणूक आमच्या दारात येणार होतीच. निवडून आलेला माणूस दारात आला की भावकीतल्या बायकांनी त्याला ओवाळायचं, हा आमच्याकडचा नियम. मनात काहीही असो, ताट घेऊन उभं राहायचं. सासूबाईंनी निरांजन पेटवून ताट माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "ओवाळल्याबिगर ताट खाली ठेवायचं न्हाई. निरांजन विझू द्यायचं न्हाई. अपशकुन व्हतो."

मी पायरीवर उभी राहिले. तो समोर, ट्रकच्या शेजारी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डीजेवाल्याकडे पाहून हातानं खूण केली: तोंड इकडं कर. ट्रक मागं-पुढं झाला आणि ती सगळी भिंत माझ्या दाराकडे वळली. मग त्यांनी आवाज सोडला.

त्यानं दोन पावलं पुढं येऊन कपाळ वाकवलं असतं तर मी ओवाळून आत गेले असते. तो आलाच नाही. भिंतीला पाठ लावून नाचत राहिला आणि माझ्याकडे बघून हसत राहिला. माझी छाती हादरत होती, दाराची कडी आपोआप वाजत होती, ताटातल्या अक्षता थरथरत एका बाजूला जमा झाल्या होत्या. बायका पदरानं कान झाकून आत पळाल्या. मला कान झाकता येत नव्हते. माझ्या दोन्ही हातांत ताट होतं. शिकलेली बाई मी, प्रसंगी वरच्या वर्गांना विज्ञानही शिकवणारी, पण ते ताट मी खाली ठेवलं नाही. आजही वाटतं, त्याच्या टाळक्यात घालायला हवं होतं. शेवटी त्याचं मन भरलं तेव्हा तो आला, कपाळ पुढं केलं, आणि मी त्याला कुंकू लावलं.

संध्याकाळभर कानात कापूस कोंबल्यासारखं वाटलं. सकाळी कापूस निघाला आणि शिट्टी राहिली. बारीक, एकसुरी, श्वास न घेणारी. पहिल्यांदा मी गॅसवर काही राहिलंय का ते बघायला गेले. मग पंख्याकडे. मग शेजारच्या गिरणीकडे. शाळेत गेले तर पोरांचे स आणि श आणि फ गळून पडलेले. एक मुलगी धडा वाचत होती आणि मला अर्धीच मुलगी ऐकू येत होती.

मी त्याच्याकडे गेले. तो ओट्यावर चारचौघांत बसला होता.

"कसला आवाज, वहिनी? आमी समदे तितंच हुतो. बॉक्सच्या म्होरं नाचलो. आमाला कुणाला काई झालं का?" मग लोकांकडे वळून तो म्हणाला, "मी आता वहिनींच्या इतक्या जवळ बसलोय, मला तर त्यांच्या कानात काई वाजतंय असं वाटत न्हाई. तुमाला येतंय का रे ऐकू?"

सगळे हसले. चोर तो चोर, वर शिरजोर. मी घरी आले आणि ठरवलं, याच्या तोंडून गावासमोर एवढंच वदवून घ्यायचं: आवाज होता. माफी नको, भरपाई नको. हे दोन शब्द त्याच्याच घशातून बाहेर काढायचे.

पण पुरावा कुठं होता? तिथूनच माझी वरात सुरू झाली, आणि ती डीजेपेक्षा लांबली. कानाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून पाहिलं आणि पडदा छान आहे म्हणाला. तपासणीत वरच्या पट्टीतलं ऐकणं घसरलेलं निघालं, पण शिट्टी काही कागदावर उमटली नाही. "ती कानात नाही, मेंदूत तयार होते," असं सांगून त्यानं मला मेंदूच्या डॉक्टरकडे धाडलं. त्यानं डोक्याचा फोटो काढला. फोटो स्वच्छ. "मेंदूत काही नाही, कानाचंच आहे." दातांच्या डॉक्टरनं जबडा दाबला आणि शिट्टी खरंच चढली. तेव्हा तो खुश झाला, म्हणाला, जबड्याचं असणार. त्यानंतर एक मनाचे डॉक्टर भेटले. ते फार गोड बोलायचे. म्हणाले, "ताई, त्या आवाजाशी भांडू नका. त्याला पाहुणा समजा." मी त्यांना विचारलं, तुमच्या घरी पाहुणा येऊन रात्रंदिवस शिट्टी वाजवत बसला तर तुम्ही त्याला चहा देता का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. घरी येऊन सांगितलं की नवरा म्हणायचा, "दुर्लक्ष कर." मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे.

एकदा नांदूरघाटच्या बाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गाठ पडली. आता तो ऊस वाहायचा ट्रॅक्टर चालवतो, दोन्ही बाजूंना बॉक्स लावून, गाणी फुल्ल सोडून. मी त्याला सहज विचारलं, कान बरे आहेत ना? तो म्हणाला, "कानात रातकिडा हाय की बाई. समद्यांच्याच असतो ना?" त्याला वाटत होतं, माणसाचा कान असाच असतो. तो कुठल्या डॉक्टरकडे गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. घरी येताना माझा राग दुप्पट झाला. भावजीवरचा तर होताच. त्यात आता अशांची मोजदाद न करणाऱ्या सगळ्या शहाण्यांवरचा मिसळला.

पुण्यात काही लोक या आवाजावर संशोधन करतात आणि त्यांना खेड्यातली माणसंही हवी आहेत, हे मला भाचीनं कळवलं. मी गेले. खरं सांगायचं तर विज्ञानाची सेवा वगैरे करायला गेले नव्हते. मला हत्यार हवं होतं.

तिथं एका टेबलाभोवती वेगवेगळ्या शास्त्रांची माणसं बसलेली. कानाचे डॉक्टर, मेंदूचा अभ्यास करणारे प्राध्यापक, मानसशास्त्राच्या बाई, यंत्रं बनवणारा एक इंजिनिअर आणि ऐकण्याच्या चाचण्या घेणारी एक तरुण मुलगी. हे लोक माझ्यासमोरच भांडले, आणि मला त्यांचं भांडण फार आवडलं. इंजिनिअर म्हणत होता, मला मोजता येईल असा आकडा द्या, मग मी यंत्र देतो. मेंदूवाले म्हणत होते, आकडा कुठून आणू? अशा माणसांच्या मेंदूच्या चित्रात फरक दिसतो, पण त्या फरकामुळे शिट्टी आली की शिट्टीमुळे फरक पडला ते सांगता येत नाही. कानवाले म्हणत होते, मुळात हा एक आजार नाहीच, दहा आजारांना एकच नाव पडलंय, त्यामुळे एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला पडत नाही. मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या, तेवढाच आवाज असलेली दोन माणसं असतात, त्यातला एक निवांत झोपतो आणि दुसरा जीव द्यायला निघतो, हे तुमचं कुठलं यंत्र सांगणार? प्रत्येकाचं शास्त्र वेगळं, प्रत्येकाची भाषा वेगळी. ही सगळी एका टेबलाशी आली, हीच म्हणे मोठी प्रगती. पूर्वी पेशंटच या खोलीतून त्या खोलीत हिंडायचा. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उंदरांवरही प्रयोग चालतात असं कळलं. पण उंदराला शिट्टी ऐकू येते की नाही, हे उंदराला विचारायचं कसं? त्याच्या दचकण्यावरून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज बरोबर की चूक यावरही वाद आहेत. मी म्हटलं, उंदराचं राहू द्या, मला विचारा. त्यांनी विचारलं. पहिलाच प्रश्न, पार्टीत गेल्यावर त्रास होतो का? मी म्हटलं, आमच्याकडे पार्टी म्हणजे राजकारणातली, आणि हो, त्यांच्यामुळेच होतो. मानसशास्त्राच्या बाई मनापासून हसल्या. हे प्रश्न बाहेरच्या देशांतून आलेले, इथं ते बदलायला हवेत, त्याशिवाय उत्तरांना काही अर्थ नाही, असं त्यांनी कबूल केलं. पुढचे प्रश्न त्यांनी बाजार, भजन आणि लग्न धरून विचारले.

मेंदूवाल्या प्राध्यापकांनी मात्र मला एक गोष्ट नीट सांगितली. मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात. मेंदूला त्या पट्टीतलं काही ऐकू येईनासं होतं, म्हणून तो आपलाच आवाज वाढवून बघतो, आणि तो वाढवलेला रितेपणा आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येतो. कानाला आवाज ऐकवता ऐकवता जिभेला किंवा मानेतल्या नसेला हलके झटके द्यायचे आणि मेंदूची ही खोड मोडायची, असेही प्रयत्न चालू आहेत. मेलेल्या पेशी पुन्हा उगवतील का, तेही पाहतायत. औषध मात्र आज नाही.

शेवटी काही विचारायचंय का, म्हणाले. मी विचारलं, "ज्याच्यामुळे हे झालं, त्याचं काय करायचं? ते कुठल्या शास्त्रात येतं?"

मग मानसशास्त्राच्या बाई हळूच म्हणाल्या, "राग सोडला की त्रास कमी होतो, असा अनुभव आहे."

"मग त्रास राहू द्या," मी म्हटलं.

त्यानंतर त्या तरुण मुलीनं मला बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि एकेक सूर ऐकवायला लागली. "असा आहे? याहून बारीक? याहून थोडा खाली?" भाजीवाल्यानं पारडं सारखं करत जावं तशी ती सरकत सरकत आली, आणि एका सुरावर माझा हात आपोआप वर गेला. हाच. आतला आणि बाहेरचा असे एकमेकांत मिसळले की कुठला कुठला ते कळेना. मी रडले. इतक्या वर्षांत माझी शिट्टी पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या कानात वाजत होती. तिनं सूर बंद केला आणि एक चमत्कार झाला. आतली शिट्टीही थांबली. खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. थोड्या वेळानं शिट्टी परत आली. मुलगी म्हणाली, "काहींची अशी थोडा वेळ थांबते. का थांबते ते पुरतं कळलेलं नाही. ते कळलं तर बरंच काही कळेल."

मी तो सूर मोबाइलवर मागून घेतला. घरी तोच सूर हळू आवाजात ऐकायचा, असा त्यांचा एक प्रयोग होताच. निघताना ती मुलगी म्हणाली, "तुमच्या गावात कोणाचं ऐकणं कमी होत असेल तर लवकर पाठवा. उशीर झाला की यंत्र लावूनही शब्द नीट कळत नाहीत."

घरी आल्यावर नवऱ्याला चहा दिला आणि त्याच्या शेजारी मोबाइल ठेवून सूर सुरू केला. त्यानं कप खाली ठेवला. "बंद कर ते." मी बंद केला नाही. "हे कायम असतं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दुर्लक्ष करा. बिचारा उठून अंगणात गेला. त्या दिवसापासून ते दोन शब्द त्यानं घरात काढले नाहीत. आता भावजी राहिला होता.

माझ्या निवृत्तीचा सत्कार शाळेच्या मैदानात ठेवला. त्याच मैदानात. प्रमुख पाहुणा कोण असणार? मुख्याध्यापक चाचरत म्हणाले, दुसऱ्या कोणाला बोलावलं तर बरं दिसणार नाही. मी म्हटलं, त्यांनाच बोलवा. फक्त त्यांनाच.

भरदुपार होती. पुढं पहिलीची पोरं मांडी घालून, त्यांच्या मागं बाया, कडेला मंडपाच्या खांबांना टेकलेले बाप्ये. माझी जाऊ, म्हणजे भावजीची बायको, बायांमध्ये पहिल्या रांगेत होती. मी सगळं योजून ठेवलं होतं. मुख्याध्यापकांनी मला द्यायची शाल आणि नारळ भावजीच्या हातात दिले, वर हारही ठेवला. त्याचे दोन्ही हात गुंतले. फोटोवाला पुढं सरकला. तेवढ्यात मी माइक घेतला.

"भावजी, असंच उभं राहा. आधी मला सगळ्यांना एक ऐकवायचंय, मग घेते."

तो खुशीत हसून उभा राहिला. मी मोबाइल माइकला लावला आणि सूर सोडला.

फार मोठा नव्हता, पण होता तो तोच होता. पहिलीच्या पोरांनी पटापट कानांवर हात ठेवले. बायांनी पदर ओढले. मुख्याध्यापकांनी तोंड कसनुसं केलं. व्यासपीठाखाली झोपलेलं कुत्रं उठून चालतं झालं. मी कोणाकडेच बघत नव्हते, मी भावजीच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याचं ते हसू कधी मोडतंय त्याची वाट बघत होते. हे क्षण मी मनात इतक्यांदा घोळवले होते की ते हसू कसं मोडेल तेही मला पाठ होतं.

ते मोडलं नाही. शाल-नारळ सांभाळत तो तसाच फोटोसाठी उभा. मग थोडा माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, चालू करा की. लोकं खोळंबलेत."

मला कळायला वेळ लागला. मग सगळंच कळलं. माझ्या दारात तो त्या भिंतीच्या माझ्यापेक्षा जवळ होता. पाठ लावून उभा होता. आणि एकदाच नव्हे. प्रत्येक वरातीत, प्रत्येक मिरवणुकीत, प्रत्येक गुलालात पुढं तोच. याच्या कानातून ही पट्टी कधीच गेली होती, आणि याला शिट्टीसुद्धा मिळाली नव्हती की काही गेलंय हे कळावं. मोठ्यानं बोलतो, पुढारी आहे, असं आम्ही सगळे म्हणत आलो होतो.

मी सूर बंद केला. माझ्या कानातलीही थांबली. मैदान एकदम मोकळं झालं. अशा शांततेत मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी माइकवरून विचारलं, "भावजी, ऐकलंत का?"

त्यानं समोर पाहिलं. लोक कान चोळत होते, तोंडं वाकडी करत होते. पुढाऱ्यानं सगळं म्हणावं, मला समजलं नाही एवढं म्हणू नये. तो माइककडे झुकून ठणठणीत बोलला, "ऐकलं म्हंजे काय! आवाज हुता की. लई मोठा आवाज हुता!"

मला हवं होतं ते सगळं गावासमोर, माइकवर, त्याच्याच तोंडातून आलं होतं.

"कसा होता?" मी विचारलं.

"गोड हुता. बासरीवानी."

पहिलीची पोरं खदखदून हसली. त्यांना राजकारण कळत नव्हतं, बासरी कळत होती. त्या थोड्याशा शांततेत मला त्यांच्यातल्या प्रत्येकाचं हसू वेगवेगळं ऐकू आलं, पूर्वी यायचं तसं. भावजीही हसला, त्याला वाटलं आपण काहीतरी बरं बोललो. मला आनंद झाला का? झाला. कोणी काही म्हणो, पोटभर झाला. फक्त माझी जाऊ हसत नव्हती. ती नवऱ्याकडे टक लावून बघत होती. त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली, आणि नारळ हातात येईपर्यंत माझी शिट्टी परत आली होती.

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्याकडे आली. उंबऱ्यातच बसली.

"ताई, त्येंना काल काईच ऐकू आलं न्हाई ना?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

"मी हाका मारती आन् ते ओ देत न्हाईत. मला वाटायचं, मुद्दाम करतेत. लई भांडले मी त्येंच्याशी. नातीचं बोलणं कळत न्हाई तर तिच्यावरच वरडतेत." तिनं डोळे पुसले. "तुमी पुण्याला जिथं गेलता, तिथला पत्ता द्या."

पत्ता माझ्या मोबाइलमध्ये होता. मोबाइल हातात होता.

"देते की," मी म्हटलं. "पण त्यांना स्वतःला येऊ दे. माझ्या पायरीवर उभं राहू दे. मी विचारीन, त्या दिवशी आवाज होता का. काल गावासमोर म्हणाले ना? तेच एकदा, माझ्या दारात, खरं म्हणू दे. मग देते."

तिनं पदर सावरला. "तुमाला म्हाईत हाय, ते यायचे न्हाईत," म्हणाली आणि उठून गेली.

तो अजून आलेला नाही. सकाळी त्याच्या घरावरून जाताना नातीच्या अंगावर ओरडलेलं ऐकू येतं, कारण तो आवाज जाड आहे आणि जाड आवाज मला नीट ऐकू येतात. कान लवकर दाखवायला हवा, उशीर झाला की शब्द परत येत नाहीत, हे त्या पुण्याच्या मुलीनं मला सांगितलं होतं. जावेला मी ते सांगितलेलं नाही.